चिंचोके, नवस आणि शीव: फेट कोअर आमच्या चटईवर आणताना

२ जून २०२४, शहापूर, बेळगाव

आजपासून नोंदी ठेवतोय. मागच्या दिवाळीत ठेवल्या नव्हत्या, त्यामुळं तेव्हा काय काय ठरलं होतं ते कुणालाच आठवत नाही, आणि मीच चुकीचं सांगतो असं चौघांचंही म्हणणं.

दिवाळीचा प्रकार थोडक्यात. आमचा खेळ पात्रांचा: मी गोष्ट आणि जग चालवतो, बाकीचे एकेक पात्र होऊन त्यात वावरतात, बेत जमला की फसला ते फासे ठरवतात. तेव्हा नियम म्हणून गर्प्स घेतलं होतं. स्टीव्ह जॅक्सन गेम्सचं, १९८६ पासूनचं, कुठल्याही काळाला आणि कुठल्याही जगाला चालणारं. त्याची लाइट आवृत्ती बत्तीस पानांची, फुकट मिळते. तीन फासे टाकायचे, बेरीज आपल्या आकड्याइतकी किंवा त्याहून कमी आली की काम फत्ते. खेळायला सोपं आहे. पण पात्र बनवायचं म्हणजे बाजारहाट: ताकद एक पायरी वाढवायला १० पॉइंट, चपळाई वाढवायला २०. ताई हिशेब घालत बसली, बारका घासाघीस करत बसला, रात्रीचे साडेदहा वाजले आणि एकही वीर गावच्या वेशीबाहेर पडला नाही.

या खेपेला फेट कोअर. एव्हिल हॅटनं २०१३ मध्ये काढलेलं. हेही सर्वसाधारण, कुठलंही जग चालतं. नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला आहे, मूळ कर्त्यांचं नाव दिलं की भाषांतर करा, बदला, छापा. दुकानात दिवसभर लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीची कार्डं जुळवणाऱ्या माणसाला ही केवढी सोय! उरलेल्या जाड कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पात्रांचे तक्ते छापणार.

मंडळी: ताई (मावशीची, खानापूरची), बारका (सख्खा धाकटा, कॉलेजात), अण्णा (बैलहोंगलचे, माझ्याकडं बाइंडिंग बघतात, घरची भाषा कानडी, पण मराठीत माझ्यापेक्षा चांगले भांडतात) आणि सर (गणिताचे, निवृत्त, समोरच्या बोळातले).

५ जून

शिडीवर अडकलो.

फेटमध्ये पात्राची कौशल्यं आकड्यांच्या शिडीवर मोजतात आणि प्रत्येक आकड्याला एक शब्द आहे. उणे दोनपासून अधिक आठपर्यंत अकरा पायऱ्या. खेळताना आकडा म्हणायचा नाही, शब्द म्हणायचा, मजा त्यातच. मी सरळ लिहीत गेलो: वाईट, बरा, चांगला, फार चांगला. वाचून बघितलं आणि तिथंच घोटाळा. 'चांगला तलवार', 'चांगला नेमबाजी'? आपली विशेषणं लिंग-वचनाला वाकतात. तक्त्यात एकच शब्द छापायचा तर तो न वाकणारा हवा.

दोन तास गेले, पण यादी झाली. उणे दोन भिकार, उणे एक सुमार, शून्य जेमतेम, मग साधारण, ठीक, छान, उत्तम, झकास, जबरदस्त, अफाट, आणि आठला अजरामर. एकही वाकत नाही. उत्तम नेम, उत्तम तलवार, उत्तम डोकं. सर म्हणाले, 'उत्तमच्या वर झकास कसा रे? शाळेत शेरा द्यायला गेलो तर मुख्याध्यापक मला बाहेर काढतील.' राहू दे. शाळा नाही ही.

९ जून

पहिली चाचणी. फेटला स्वतःचे फासे लागतात: सहा बाजूंपैकी दोन अधिक, दोन उणे, दोन कोऱ्या. असे चार टाकायचे, बेरीज कौशल्यात मिळवायची. बेळगावात ते कुठं मिळायचे. लुडोचे चार फासे घेतले. एक-दोन म्हणजे उणे, तीन-चार कोरं, पाच-सहा अधिक.

चालतं, पण दर वेळी मनात भाषांतर. बारका सहा पडला की 'सिक्सर' म्हणून ओरडतो, मग लक्षात येतं की तो फक्त अधिक एक. मघाशी जिंकला असं वाटलेला माणूस दोन क्षणांनी हरतो.

अण्णा म्हणाले, 'चिंचोके घ्या की ओ. लहानपणी चौकाबारा कशावर खेळत होतो?'

१२ जून

दुकानाच्या फरशीवर चिंचोके घासले. एक बाजू घासत राहायचं, तपकिरी साल जाऊन आतला पांढरा गर दिसेपर्यंत. एका चिंचोक्याला पाच-सात मिनिटं लागतात, बोटांची टोकं गरम होतात, आणि फरशीवर जो तपकिरी डाग पडतो तो फिनेलनं जात नाही. पण हातात घेतल्यावर जो खुळखुळाट होतो तो प्लॅस्टिकच्या फाशाला नाही.

आता गणित. मी आठ घेतले होते: पांढरे मोजायचे, त्यातून चार वजा. आठही पांढरे तर अधिक चार, आठही काळे तर उणे चार. मूळ फाशांसारखीच टोकं, म्हटलं जमलं. सरांनी पत्रिकेच्या पाकिटावर आकडेमोड केली आणि डोकं हलवलं. मूळ चार फाशांचे ८१ प्रकार होतात, त्यात अधिक चार एकदा. आठ चिंचोक्यांचे प्रकार २५६, त्यातही अधिक चार एकदाच. म्हणजे टोकं तिपटीहून दुर्मीळ, आणि शून्य मात्र जास्त वेळा. अशानं बलवान नेहमी जिंकणार आणि लेचापेचा नेहमी हरणार. वीरकथेत हे कसं चालेल?

'दहा घे,' सर म्हणाले. दहातून पाच वजा. प्रकार १०२४. शून्य यायची शक्यता २४.६ टक्के, मूळ फाशांवर २३.५. अधिक एक २०.५, मूळ १९.८. अधिक दोन ११.७, मूळ १२.३. अधिक तीन ४.४, मूळ ४.९. जवळजवळ जुळ्या भावंडांइतकं सारखं. वर एक बक्षीस: १०२४ मध्ये एकदा दहाही पांढरे, अधिक पाच, जे मूळ फाशांवर पडूच शकत नाही. ते पडलं तर काय, हा नियम मी मुद्दाम लिहिलेला नाही. पडू दे, मग बघू.

(घासलेली बाजू सपाट आणि दुसरी फुगीर, त्यामुळं पांढरी थोडी जास्त पडते की काय असा सरांना संशय आहे. फार फुगीर होते ते काढून टाकले. उरलेलं देवाच्या पदरात.)

१६ जून

शब्द. फेटचा कणा म्हणजे पात्राला चिकटवलेली छोटी वाक्यं. वाक्य उपयोगी पडलं तर एक पॉइंट मोजून अधिक दोन घ्यायचे, किंवा पुन्हा टाकायचं. तेच वाक्य आड आलं तर उलट तुम्हालाच पॉइंट मिळतो. या वाक्यांना 'पैलू' म्हणणार होतो. पैलू म्हटलं की हिरा आणि व्याख्यानमाला. ताई म्हणाली 'बाणा'. ठरलं.

पाच बाणे असतात, त्यातला एक कायमची अडचण. त्याला 'साडेसाती'. हे कुणाला समजवावं लागलं नाही.

खास युक्तीला 'डाव', तालमीतला. मार बसला की भरायचे चौकोन दोन प्रकारचे, अंगाचा 'दम' आणि मनाचा 'धीर'. जखमा किरकोळ, मध्यम, भारी. शिडीच्या तीन किंवा जास्त पायऱ्यांनी जिंकलं तर नुसतं 'झोकात'.

बारक्याचं पात्र: 'गोकाकच्या धबधब्यामागं झोपलेल्या ड्रॅगनचा शेवटचा राखणदार'. म्हटलं, ड्रॅगन कशाला रे? म्हणतो, 'कल्पनेचा खेळ ना? मग ड्रॅगन पाहिजेच.' ५२ मीटर उंचीवरून घटप्रभा कोसळते, मागं काय झोपलंय कुणी बघितलंय? ठेवला.

२३ जून

जादू फसली.

फेट कोअरमध्ये जादूची तयार पद्धत नाही. चौकट देऊन ठेवलीय, त्यात तुमचं तुम्ही बांधा. मी मंत्रांची यादी केली. अग्निमंत्र, वायुमंत्र, स्तंभन, वशीकरण, एकूण २२. प्रत्येकाला किंमत एक दम. सुबक तक्ता, किनार लग्नपत्रिकेची.

खेळताना काय झालं? ताईची वैदीण दर वळणावर कार्डाकडं बघायची, गावाकडं नाही. 'माझ्याकडं काय आहे' हाच प्रश्न. दुकानातल्या फोटोकॉपीसारखी जादू: पैसे टाकले, कागद बाहेर. अण्णांना झोप आली आणि ती त्यांनी लपवली नाही.

तक्ता रद्द. किनार दुसरीकडं वापरता येईल.

३० जून, आजोळी, खानापूर तालुका

पाऊस असा की समोरचा फणस दिसत नाही. लाइट कालपासून नाही. आजीजवळ चुलीपुढं बसून खेळाचं सांगत होतो. तिला एवढंच कळलं की पोरं देवाचं नाव घेऊन कसलासा पट मांडतात.

'तुमच्या खेळात नवस बोलतात काय?' म्हणाली.

म्हटलं, बोलतात समज.

'मग फेडतंय कोण?'

मी गप्प. तिनं लाकूड आत सारलं. 'अरे, बोलायला काय, तोंड असलं की झालं. माझ्या सासूनं बैल सापडावा म्हणून देवीला बोललेलं. बैल सापडला. सासू विसरली. मग वर्षभर घरात एकेकाचं काय काय. शेवटाला आठवलं कुणाला, तर मला, आणि फेडलं कुणी, तर मीच. नवरा कुणाचा, बैल कुणाचा, नि नारळ कुणी वाहिले!'

रात्री कंदिलाशी बसून हेच लिहिलं. जादू म्हणजे मंत्र नाही, नवस. किंमत आधी मोजायची नाही, नंतर फेडायची. शक्ती कुणाकडंच नाही. ती ज्याच्याकडं आहे त्याच्याशी उधारी आहे.

२ जुलै

परत आल्यावर अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, 'आमच्यात हरके म्हणतात. हरके तीरसायचं असतंय.' विचारलं, तीरसायचं म्हणजे? 'साल तीरसतात तसं. साल म्हणजे कर्ज.'

मराठीत कर्ज फेडतात आणि नवसही फेडतात. कानडीतही क्रियापद एकच. दोन्ही भाषा शेजारी बसून हेच म्हणत आल्यात आणि मी २२ मंत्रांच्या किनारी जुळवत होतो.

नियम, पहिला खर्डा:

कुठल्याही क्षणी कुठलंही पात्र नवस बोलू शकतं. त्यासाठी कौशल्य लागत नाही, वैदू-भगत असण्याची गरज नाही. मोठ्यानं बोलायचं, आणि काय फेडणार ते नेमकं सांगायचं. लहान नवसाला एकदा फुकट अधिक दोन, मोठ्याला दोनदा. बोललेलं वाक्य कार्डावर नवा बाणा म्हणून चढतं: 'सातेरीला पाच नारळ बाकी'. फेडेपर्यंत खेळ चालवणारा तो बाणा कधीही आड आणू शकतो, आणि एरवी आड आलेल्या बाण्याचा पॉइंट मिळतो तसा इथं मिळत नाही. नाकारायचं तर मात्र खिशातला एक द्यावाच लागतो.

७ जुलै

खेळलो. पाचव्या मिनिटाला भोक सापडलं, अर्थात बारक्याला. वाड्यातल्या खविसाशी झुंज चालू असताना त्यानं श्वास न घेता सात देवांना सात नवस बोलले आणि अधिक चौदा घेऊन खवीस उडवला. सगळे नारळ. 'नारळाचं पोतं आणू की एकदम,' म्हणे.

दुरुस्ती तिथल्या तिथं, आरडाओरड्यात:

एका वेळी एका माणसाचा एकच नवस बाकी. पहिला फिटल्याशिवाय दुसरा देव ऐकत नाही. आणि वाण्याकडून विकत आणून फिटणारा नवस लहानच धरायचा. मोठ्या नवसाला काहीतरी करून दाखवावं लागतं, कुठंतरी जाऊन.

दुसरी ओळ ताईची. तिच्यामुळं जे झालं ते मला आधी सुचलं नव्हतं. ताईच्या वैदिणीनं बोललं, 'पोर वाचू दे, मलप्रभेच्या उगमापर्यंत अनवाणी जाईन.' पोर वाचलं. आणि पुढच्या रविवारी काय खेळायचं हे मला ठरवावं लागलं नाही. कणकुंबीपर्यंतची वाट, जंगल, पाऊस, अनवाणी पाय. मी रात्र-रात्र जागून कथानक रचायचो, ते आता चटईवरची माणसं स्वतःच्या तोंडानं माझ्या पदरात टाकतात.

१४ जुलै

कणकुंबीची वाट. चकवा घातला. चकव्याला दम नाही, धीर नाही, त्याला मारता येत नाही. तो फक्त वाटेवर एक बाणा चिकटवतो: 'हीच ती चिंच, मघाचीच'. तो पुसायला दर वेळी वेगळी युक्ती सांगावी लागते. सरांनी सदरा उलटा घातला. पात्रानं नाही, सरांनी. आम्ही लगेच मान्य केलं.

कौलही आणला. देवाला प्रश्न विचारायचा, पण उत्तर चिंचोक्यांवर नाही. एका वाटीला पाण्यानं दोन फुलं चिकटवून ठेवली, डावीकडं एक आणि उजवीकडं एक. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नको. ताई आणि अण्णा फुलाकडं बघत पाच मिनिटं बसले. कुणी मोबाइल उचलला नाही. डावं पडलं. ते परत फिरले, पुढं काय होतं ते मी सांगितलं नाही आणि सांगणार नाही.

१७ जुलै

पाऊस. ग्राहक नाही, लाइट नाही. चिंचोक्यांना बुरशी आली होती, उन्हाची वाट न बघता तव्यावर शेकले. दोन फुटले. आठ उरले, दोन नवे घासले.

२१ जुलै

शिवेचा नियम. हा मला सगळ्यात आवडलेला.

प्रत्येक गावदेवीची हद्द असते. नकाशावर 'सीमा' लिहिलं होतं. ताई म्हणाली, 'तो शब्द काढ. आमच्याकडं तो शब्द काढला की खेळ बाजूला राहतो आणि मामा-काका सुरू होतात.' खरं आहे. १९५६ पासून सुरू आहेत. काढला, 'शीव' लिहिलं. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, शीव हा सीमेवरूनच आलाय. असेना.

नियम एका ओळीचा: देवीची मदत शिवेच्या दगडापर्यंत, कर्ज दगडापलीकडंही.

म्हणजे नवस बोलून मिळालेली फुकट मदत वापरायची तर त्याच हद्दीत. ओलांडलं की गेली. कार्डावरची बाकी मात्र तुमच्याबरोबर चालत येते, आणि परक्या देवीच्या गावात ती बाकी दिसते. तिथला पुजारी विचारतो, 'तिकडचं फेडून आलात काय?' अण्णांचं पात्र बैलगाडी घेऊन दर शिवेवर थांबायला लागलं. एरवी नकाशावरची रेघ म्हणजे शाई. आता तिच्यापाशी चौघंही आवाज खाली आणतात.

कौशल्यं: मुळात १८. 'वाहन चालवणं' झालं 'गाडी-बैल'. 'संपर्क' झालं 'ओळखीपाळखी'. 'संपत्ती' झाली 'ऐपत'. एकच नवं घातलं, 'बोली': परक्या हद्दीत तिथल्या माणसाशी तिथल्यासारखं बोलता येणं. अण्णांनी पहिल्याच फटक्यात उत्तमवर ठेवलं. बाकीचं जसंच्या तसं. मनोरा तोच: एक उत्तम, दोन छान, तीन ठीक, चार साधारण.

२८ जुलै

सरांचं पात्र मेलं.

फेटमध्ये मरण सहसा येत नाही. हरणार असं दिसलं की फासे पडायच्या आधी माघार घेता येते, आपल्या अटीवर, वर पॉइंटही मिळतो. सरांनी घेतली नाही. त्यांचा म्हातारा रामोशी खिंडीत एकटा उभा राहिला आणि दहातले तीन पांढरे पडले. भारी जखमेचा चौकोन आधीच भरलेला.

काही वेळ कुणी बोललं नाही. मग ताई म्हणाली, वीरगळ करूया. आमच्या भागात देवळाबाहेर, तळ्याकाठी, शेताच्या बांधावर असे दगड दिसतात. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतायत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर त्याचं नाव राहणार.

पत्रिकेचं कार्ड उभं धरलं, तीन चौकटी आखल्या. खालची बारक्यानं काढली, मधली ताईनं, वरची अण्णांनी. सरांना हात लावू दिला नाही, मेलेला माणूस स्वतःचा दगड घडवत नाही. चंद्र-सूर्य मी काढले, सूर्य अंड्यासारखा झाला. नियम असा झाला: त्या खेळाडूच्या नव्या पात्राला दर बैठकीत एकदा, दगडाचं नाव घेऊन, फुकट अधिक दोन. नवस नाही, बाकी नाही.

सरांनी ते कार्ड पाकिटात घालून घरी नेलं. नियमाप्रमाणं ते माझ्याकडं राहायला हवं. मागितलं नाही.

११ ऑगस्ट

श्रावण, त्यामुळं खायला फक्त चुरमुरे आणि नागपंचमीचे उरलेले तंबिटाचे लाडू. गोकाकची बैठक.

बारका ड्रॅगनला भेटला. दोन महिने मी त्या प्राण्याला टाळत होतो, कारण तो या जगात बसेना. आग ओकणारा, सोन्यावर झोपणारा, त्याला आमच्याकडं कामच काय? पण परवाच घराघरात नागाला दूध-लाह्या दाखवल्या होत्या. धबधब्यामागून जे बाहेर आलं त्याला पाय नव्हते. पंख नव्हते. डोळे उघडायला त्याला एक अख्खं वाक्य लागलं. बारक्यानं तलवार खाली ठेवली आणि, मी काही न सुचवता, नवस बोलला: पूर ओसरू दे, झुलत्या पुलावरून भर पावसात पेटता दिवा नेईन, विझू देणार नाही.

मोठा नवस. अधिक दोन, दोनदा. पूर ओसरला.

२५ ऑगस्ट

गणपती ७ सप्टेंबरला. मंडळांचे बॅनर, पावती-पुस्तकं, आरतीची कार्डं. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, खेळ विसर्जनापर्यंत बंद. रात्री एक वाजता उरलेल्या कार्डावर तक्त्याची शेवटची आवृत्ती छापून घेतली, २० प्रती. खाली बारीक अक्षरात फेट कोअर आणि एव्हिल हॅटचं नाव, परवान्याच्या ओळीसकट. मागच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त आहे, तो पुसता येत नाही.

आजीनं ताईबरोबर किलोभर चिंचोके पाठवलेत. न घासलेले.

बाकी यादी, पुढच्या बैठकीसाठी: ताईच्या वैदिणीचं फिटलं. अण्णांचं लहान, दोन नारळ, येतानाच आणतो म्हणालेत, खरे. बारक्याचा दिवा बाकी. वाऱ्याचा जोर शिडीवर किती धरायचा ते ठरवायचंय. मी 'झकास' धरलाय, त्याला अजून सांगितलेलं नाही.